सोंग, निवड आणि परिणाम : भारुडापासून भूमिकाप्रधान खेळापर्यंत

ज्यांना आज रोल-प्लेइंग गेम म्हटले जाते त्या भूमिकाप्रधान खेळांचा इतिहास सामान्यतः १९७४ पासून सांगितला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याचा उगम पटावरील युद्धखेळांत होता. परंतु येथे सैन्याऐवजी एकेक पात्र एकेका खेळाडूच्या वाट्याला आले आणि एक जण कथेचा सूत्रधार झाला. संगणकीय खेळांनी पुढे हीच चौकट स्वीकारली. तंत्राचा इतिहास म्हणून हे योग्यच आहे. आमचा प्रश्न मात्र वाङ्मयीन आहे : दुसऱ्याची भूमिका घेतल्याने कथा प्रभावी का ठरते? त्यासाठी आम्हांला आपल्याच मातीतील एक परंपरा अधिक उपयोगी वाटते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर भागात कन्नड तालुक्यातील पिशोर आहे, तर दक्षिणेला गोदाकाठी पैठण. पैठणच्या एकनाथांची (निधन १५९९) भारुडे मराठवाड्यातील पिशोरसारख्या गावांना परकी नाहीत. जोशी, वासुदेव, गोंधळी, विंचू चावल्याने तळमळणारा माणूस, सासरी गांजलेली सून अशी कितीतरी सोंगे त्यांत आहेत. सोंग उभे करण्यास साधने फारशी लागत नाहीत. डोईवर पदर घेतला की पुरुष सून होतो. टाळकरी ध्रुपद उचलतात आणि श्रोते त्या सोंगाला खरे मानू लागतात.

सुनेचे भारूड पाहा. ती भवानीला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचे पोर, अखेर नवरा, अशी एकेकाची वाट लावण्याची तिची मागणी आहे. श्रोते हसतात, कारण ही कुरकुर त्यांच्या घरातलीच असते. शेवटी मात्र ती एकटीच राहू इच्छिते, आणि तेथे अर्थ पालटतो : ही सून म्हणजे जीव, आणि सासर म्हणजे त्याचे पाश. हसणाऱ्याच्या ध्यानात येते की आपण आपल्याच अवस्थेला हसत होतो. उपदेश बाहेरून आला असता तर त्याने तो झटकून टाकला असता. येथे तो स्वतःच त्यात सामील झालेला असतो.

केवळ नीती सांगितल्याने हे साधत नाही. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे आहेत. पण कोणत्या घरात जायचे हे फासा ठरवतो. खेळणाऱ्याने काही निवडलेलेच नसल्यामुळे साप गिळतो तेव्हा त्याला दैव आठवते, आपले वर्तन नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा खेळ सापशिडी म्हणून रुजला आणि पुढे त्यातली नीती गळून गेली, तरी खेळाचे काही अडले नाही.

याउलट १९८५ चा रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४' पाहावा. अवतार ही आपली संज्ञा त्याच्या नावातच आहे. त्यात मारावयाचा कोणी महाखलनायक नाही; आठ सद्गुण अंगी बाणवणे हेच ध्येय. वनौषधी विकणारी एक अंध स्त्री तेथे भेटते. किती नाणी द्यायची हे खेळाडूनेच सांगावयाचे असते. कमी दिली तरी ती काही म्हणत नाही, मालही मिळतो. खेळ मात्र मुकाट्याने हिशेब ठेवतो. पुढे आपल्या सद्गुणांची चौकशी करताना खेळाडूला आपलीच लबाडी भेटते. भारुडातला शेवटचा पालट येथे खेळाडूच्या कृतीतून घडतो. आमच्या मते भूमिकाप्रधान कथेचे सामर्थ्य संवादांच्या विपुलतेत किंवा दृश्यांच्या भव्यतेत नाही. निवड स्वतःची असावी, तिचा परिणाम उशिरा पण अटळपणे यावा, आणि तो आला की मागची सारी कथा नव्याने वाचावी लागावी, यात आहे.

तथापि एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. एकनाथांनी महाराच्या भूमिकेतूनही भारुडे रचली आणि ज्ञानाचा अधिकार त्या मुखात ठेवला. सोळाव्या शतकातील एका ब्राह्मणाने हे करावे, ही लहान गोष्ट नव्हे. एलिनॉर झेलियट यांनी या भारुडांचा आस्थेने अभ्यास केला आहे. पण चौदाव्या शतकातील चोखामेळ्याने तीच वेदना सोंगाविना गायिली होती. नाथांना भारूड संपल्यावर घोंगडी उतरवून घरी परतता येत होते. चोखोबांना जन्माने लादलेली भूमिका उतरवून ठेवण्याची सोय नव्हती.

आजचा खेळाडूही निर्वासित होतो, गुलाम होतो, आणि कळ दाबून बाहेर येतो. म्हणून कोणत्याही भूमिकाप्रधान कथेला आम्ही दोन प्रश्न विचारू. तिने आपल्याला दुसऱ्याच्या जागी उभे केले का? आणि ती जागा आपली नाही, याची जाणीव शिल्लक ठेवली का? पहिल्याचे उत्तर अनेक खेळ देतात. दुसऱ्याचे देणारे थोडे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांचाच शोध घ्यावा.