दोन शिवसेना, एक धनुष्यबाण: पक्ष फुटतो तेव्हा नेमकं काय फुटतं?

बऱ्याच जणांचा एकच मेसेज होता, "भावा, राजकारणावर एक भाग कर की, पण शिव्या न देता." तर आज करूया. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी सगळं खाली लिहून ठेवलंय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून. २०२४ ची लोकसभा, हातकणंगले मतदारसंघ. मतदान यंत्रावर एका बटणासमोर धनुष्यबाण, उमेदवार धैर्यशील माने. दुसऱ्या बटणासमोर मशाल, उमेदवार सत्यजित पाटील-सरूडकर. आता गंमत बघा. माने २०१९ ला धनुष्यबाणावर खासदार झाले होते. सरूडकर २०१४ ला शाहूवाडीतून धनुष्यबाणावरच आमदार झाले होते. म्हणजे एकाच घरातली दोन माणसं समोरासमोर. राजू शेट्टीही मैदानात होते, ते तिसरे राहिले. माने जिंकले, फक्त १३,४२६ मतांनी.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, तीस वर्षं शिवसेनेचं काम केलेले. त्या निवडणुकीत ते कुणाच्याच प्रचाराला गेले नाहीत. दोन्हीकडची पोरं त्यांच्याच हाताखाली पोस्टर चिकटवून मोठी झालेली, जायचं तरी कुणाकडं? मला तेव्हापासून एक प्रश्न सतावतोय. हिंदुत्व, मराठी माणूस, बाळासाहेबांचा फोटो, हे सगळं दोन्हीकडं सारखंच. मग भांडण नेमकं कशावरचं आहे?

त्यासाठी मागं जावं लागेल.

शिवसेना स्थापन झाली १९ जून १९६६ ला. पक्ष चालायचा बाळासाहेब ठाकरेंच्या शब्दावर. पदं निवडणुकीनं नाही, नेमणुकीनं मिळायची. ही त्यांची ताकद होती, निर्णय पटापट व्हायचे. पण ज्याला निर्णय पटला नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर कुठंच नव्हतं.

जुलै १९९२ चं उदाहरण घ्या. एका जुन्या सहकाऱ्यानं जाहीर आरोप केला की उद्धव आणि राज पक्षाच्या कारभारात ढवळाढवळ करतात. बाळासाहेबांनी 'सामना'त लिहिलं की मी कुटुंबासह शिवसेना सोडतोय. शिवसैनिकांची गर्दी 'मातोश्री'समोर जमली, जाऊ नका म्हणून विनवण्या झाल्या आणि निर्णय मागं घेतला गेला. प्रश्न सुटला, पण कसा? मतदानानं नाही, चर्चेनं नाही, गर्दीनं. ज्याच्या मागं तेवढी गर्दी नाही त्याच्यापुढं एकच वाट उरली, बाहेरची.

ती वाट सगळ्यात आधी गाजवली छगन भुजबळांनी, डिसेंबर १९९१ मध्ये. विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींकडं होतं, मंडल आयोगावरूनही मतभेद होते. भुजबळ बाहेर पडले तेव्हा १८ आमदार सोबत असल्याचं सांगितलं गेलं, त्यातले काही लगेच परतले. हा १८ आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. १९९५ ला माझगावात शिवसेनेच्या बाळा नांदगावकरांनी त्यांना पाडलं. पुढं भुजबळ गृहमंत्री असताना जुलै २००० मध्ये बाळासाहेबांना अटक झाली आणि कोर्टानं त्याच दिवशी प्रकरण निकाली काढलं.

मग जानेवारी २००३, महाबळेश्वर. उद्धव ठाकरेंना कार्याध्यक्ष करायचा ठराव मांडला खुद्द राज ठाकरेंनी. अडीच वर्षांत माजी मुख्यमंत्री नारायण राणेंची हकालपट्टी झाली. ते काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणची पोटनिवडणूक अशी जिंकली की शिवसेनेच्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली. २००५ च्या शेवटी राजही बाहेर पडले. तक्रार काय? विठ्ठलाशी भांडण नाही, भोवतीच्या बडव्यांशी आहे. ९ मार्च २००६ ला मनसे आली आणि २००९ ला तिचे १३ आमदार निवडून आले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडं भांडणाचा एक सभ्य मार्ग असतो. पटत नाही ना? मग सगळा कोड कॉपी करायचा, नवं नाव द्यायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. याला फोर्क म्हणतात. जुनं नाव जुन्या लोकांकडंच राहतं. भुजबळ, राणे, राज, तिघांनी साधारण हेच केलं. घर सोडलं, पण घराच्या सातबाऱ्यावर दावा केला नाही.

२०२२ ला मात्र सातबाराच मागितला गेला. असं का झालं, हे समजायला कायद्याकडं वळू. दोनच मिनिटं, झोपू नका.

१९८५ ला पक्षांतरबंदी कायदा आला. आमदारानं पक्ष सोडला किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते. पण त्यात एक फट होती. एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती 'फूट' धरायची आणि सगळे वाचायचे. १९९० ला शिवसेनेचे आमदार होते ५२. त्याचा एक तृतीयांश काढा, येतात १८. आठवला आकडा?

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ही फट बुजवली. आता दोन तृतीयांश लागतात आणि दुसऱ्या पक्षात विलीनही व्हावं लागतं. हेतू चांगला होता, घोडेबाजार थांबावा. पण परिणाम असा झाला की छोटं बंड कुणाला परवडेना. नाराज माणसापुढं दोनच पर्याय उरले. गप्प बसा, नाहीतर एवढे जण जमवा की "आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत" असं म्हणता येईल.

दरम्यान दोन मित्रांचा संसारही मोडत चालला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये भाजप आणि शिवसेनेची २५ वर्षांची युती तुटली. प्रचारात उद्धव ठाकरेंनी भाजपच्या फौजेला अफझलखानाची फौज म्हटलं आणि निकालानंतर काही आठवड्यांत शिवसेना त्यांच्याच सरकारात जाऊन बसली. मग मंत्र्यांचे राजीनामे खिशात असल्याच्या घोषणा. २०१७ च्या मुंबई महापालिकेत शिवसेना ८४, भाजप ८२. २०१९ ला पुन्हा युती, निकाल भाजप १०५ आणि शिवसेना ५६, आणि मुख्यमंत्रिपदावरून पुन्हा काडीमोड. २३ नोव्हेंबरला लोक दात घासत असताना टीव्हीवर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी दिसला. ते सरकार २६ तारखेला पडलं. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीनं मुख्यमंत्री झाले. त्या दिवशी शपथ घेणाऱ्या मोजक्या मंत्र्यांत एकनाथ शिंदेही होते आणि छगन भुजबळही. एक आधी फुटलेला, एक नंतर फुटणारा.

कोल्हापूरकरांनी यातला आपला वाटाही पाहिला. २०१४ ला जिल्ह्यातल्या १० पैकी ६ आमदार शिवसेनेचे होते, २०१९ ला उरले एकटे राधानगरीचे प्रकाश आबिटकर. एप्रिल २०२२ च्या कोल्हापूर उत्तर पोटनिवडणुकीत, शिवसेनेचे राजेश क्षीरसागर जिथून दोनदा आमदार झाले होते ती जागा आघाडीत काँग्रेसला सुटली. शिवसैनिकांनी आयुष्यभर ज्या हाताविरुद्ध घोषणा दिल्या त्याच हातासाठी मतं मागायची होती. भाजपचीही शोभा झाली. कोल्हापुरातून निवडून आलो नाही तर हिमालयात जाईन, असं चंद्रकांत पाटील बोलून बसले होते. भाजपचा उमेदवार पडला आणि पुढचे कित्येक दिवस आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर हिमालयाचेच फोटो फिरत होते. मी स्वतः उभा राहिलो तर, असं म्हणालो होतो, हा त्यांचा खुलासा मीमच्या गर्दीत कुणी ऐकला नाही.

दोन महिन्यांनी, २० जून २०२२ च्या रात्री, एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतला गेले आणि तिथून गुवाहाटीला. आबिटकरही त्यांच्यासोबत होते. तेव्हा शिवसेनेचे आमदार ५५, दोन तृतीयांश म्हणजे ३७. शिंदेंकडं जमले ४०. पुढच्या महिन्यात लोकसभेतले १९ पैकी १२ खासदारही गेले, त्यात आपले संजय मंडलिक आणि धैर्यशील माने दोघंही. राज्याचं सरकार अधांतरी आणि अख्खा महाराष्ट्र सांगोल्याच्या शहाजीबापूंची "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" ही क्लिप ऐकून हसत होता. मीही हसलो. पण एवढं गंभीर राजकारण शेवटी रिंगटोन होऊन लोकांपर्यंत पोहोचावं, हे जरा विचित्रच.

२९ जूनला उद्धव ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवर राजीनामा दिला. ३० ला फडणवीसांनी जाहीर केलं की शिंदे मुख्यमंत्री होतील, मी सरकारबाहेर राहीन. काही तासांत दिल्लीतल्या नेतृत्वानं जाहीरपणे सांगितलं की उपमुख्यमंत्री व्हा. आणि माजी मुख्यमंत्र्यानं उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये उलटं झालं. फडणवीस मुख्यमंत्री आणि शिंदे उपमुख्यमंत्री.

शिंदे गटाचं म्हणणं होतं, काँग्रेसशी हात मिळवून हिंदुत्व सोडलं आणि नेते भेटतच नव्हते. ठाकरे गटाचं म्हणणं, हे गद्दार आहेत, सत्तेसाठी पाठीत खंजीर खुपसला. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांची घोषणा घुमली, "पन्नास खोके, एकदम ओके". दसऱ्याला मुंबईत दोन मेळावे झाले, एक शिवाजी पार्कवर आणि एक बीकेसीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवला गेला. ठाकरेंना मशाल मिळाली. १९८५ ला भुजबळ याच चिन्हावर आमदार झाले होते. इतिहासही कधी कधी खवचट वागतो.

आता या सगळ्याचं मूळ. हे भांडण शेवटी मिटवायचं कशाच्या आधारावर? पक्षाच्या घटनेच्या. निवडणूक आयोगाच्या आग्रहानं शिवसेनेनं १९९९ ला घटनेत लोकशाही तरतुदी केल्या होत्या. २०१८ ला ती बदलली आणि अधिकार पुन्हा वर गोळा झाले. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगानं म्हटलं की ही बदललेली घटना लोकशाहीला धरून नाही, तिच्यावर विसंबता येत नाही. मग आमदार-खासदार मोजले. निवडून आलेल्या आमदारांना मिळालेल्या मतांपैकी साधारण ७६ टक्के शिंदेंकडच्या आमदारांची निघाली. नाव आणि धनुष्यबाण तिकडं गेलं.

११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टानं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत बसवता येणार नाही असंही सांगितलं. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी १९९९ चीच घटना धरली, शिंदेंचा गट खरा ठरवला आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. हे निकाल बरोबर की चूक, यावर तुम्ही खुशाल भांडा. माझा मुद्दा वेगळा आहे. ५६ वर्षं जुन्या पक्षाचा मालक कोण, हे ठरवायला पक्षातल्या साध्या सभासदाला कुणीच विचारलं नाही. कारण सभासदाचं मत नोंदवायची सवयच तिथं कधी लागली नव्हती.

उजव्या पक्षांतली भांडणं अमेरिकेतही चव्हाट्यावर येतात. जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या केविन मॅकार्थींना सभापती व्हायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या ८ जणांनी विरोधकांबरोबर मत देऊन त्यांना २१६ विरुद्ध २१० नं घालवलं. नाचक्की झालीच. पण ते ८ जण दुसऱ्या दिवशीही रिपब्लिकनच होते. पक्षाचा हत्ती कुणाचा, हा खटला झाला नाही, कारण तिथं पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही.

आणि इतकं लांब जायलाही नको. वारसा एक आणि दावेदार दोन, हे आपल्या मातीला नवीन नाही. १७०७ ला शाहू महाराज सुटून आले आणि ताराराणींशी संघर्ष सुरू झाला. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, दोन्ही शिवछत्रपतींच्याच नावानं. तो वाद शांत झाला १७३१ मध्ये वारणेच्या तहानं. कागदावर लिहून, नदीला हद्द मानून. आज हातकणंगले मतदारसंघ त्याच वारणेच्या दोन्ही काठांवर पसरलाय. त्याच मातीत दोन शिवसेना लढल्या.

भांडण कसं करावं हे बघायचं असेल तर गोकुळकडं बघा. गोकुळची वार्षिक सभा म्हणजे गोंधळ ठरलेलाच, माईक हिसकावण्यापर्यंत. पण मे २०२१ मध्ये सतेज पाटील आणि हसन मुश्रीफांच्या पॅनेलनं २१ पैकी १७ जागा जिंकून कित्येक वर्षांची महाडिक गटाची सत्ता घालवली. मतदार यादी होती, मतपत्रिका होती, मोजणी झाली. हरलेल्यांनी दुसरं गोकुळ काढलं नाही, जिंकलेल्यांना नाव बदलावं लागलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दारात होती.

५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज हिंदी सक्तीच्या मुद्द्यावर एका मंचावर आले, तेव्हा खूप लोकांचे डोळे भरून आले. काकांचेही. पण भाऊ एकत्र येणं ही घरची गोष्ट झाली. पक्ष म्हणजे घर नाही, लाखभर अनोळखी माणसांनी मिळून केलेला करार आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा, उजव्या-डाव्या कसल्याही, माणूस मतं मागायला दारात आला तर चहा द्या आणि विचारा, तुमच्या तालुकाप्रमुखाला कुणी निवडलं? मतदान कधी झालं? आणि तुम्हाला नेत्याचा निर्णय पटला नाही तर तुम्ही कुठं बोलता?

तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प बसला, तर समजा, तो पक्ष अजून फुटायचा बाकी आहे.

भेटूया पुढच्या भागात.