चाकांखालचा पर्याय : सक्रिय सस्पेन्शनचा इतिहास

आलिशान एसयूव्ही घेणाऱ्यापुढे शोरूममध्ये पर्यायांची एक लांबलचक यादी ठेवली जाते. चामड्याची आसने, काचेचे छत, उत्तम ध्वनियंत्रणा यांविषयी निर्णय घेणे तुलनेने सोपे, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात. त्याच यादीत ‘ॲक्टिव्ह सस्पेन्शन’ हे शब्द असतात. ते कुठेच दिसत नाही आणि किंमत मात्र डोळ्यांत भरणारी असते. घ्यावे की न घ्यावे? हा प्रश्न आजचा वाटला, तरी तो जवळपास सत्तर वर्षांचा आहे. आजचा धागा त्याविषयी.

प्रथम एक गल्लत दूर करू, कारण विक्रेते ती बहुधा तशीच राहू देतात. साधी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर रस्त्याने दिलेला धक्का सोसतात, इतकेच. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेली रबरी पिशवी येते, त्यामुळे गाडीची उंची बदलता येते. ॲडॅप्टिव्ह शॉकॲब्सॉर्बर गरजेनुसार मऊ वा कडक होतात. परंतु यांपैकी कोणीही वळणावर कलणाऱ्या गाडीला उलट बाजूने जोर लावत नाही. सक्रिय सस्पेन्शन तो जोर लावते. पंपाची किंवा मोटरची शक्ती खर्चून ते गाडी सावरते.

उंच एसयूव्हीला याची गरज खरी आहे. स्प्रिंग मऊ ठेवली तर गाडी वळणावर झुकते आणि कडक केली तर प्रवासी खिळखिळे होतात. झुकणे रोखण्यासाठी अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा बसवतात. पण खडकाळ वाटेवर तोच दांडा चाकांना मोकळेपणाने वरखाली होऊ देत नाही.

आता १९५७ सालच्या अमेरिकेत जाऊ. कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रुअम ही तेरा हजार डॉलरांहून महाग गाडी हवेच्या सस्पेन्शनसह बाजारात आणली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या इतर गाड्यांवरही हवेचे सस्पेन्शन जादा पैसे घेऊन देऊ केले, साध्या शेव्हरोलेवरसुद्धा. हवा गळू लागली. सकाळी मालक बाहेर येई तो गाडी जमिनीला टेकलेली. अनेकांनी ती यंत्रणा काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या आणि थोड्याच वर्षांत हा पर्याय यादीतून नाहीसा झाला.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे नेमके उलटे घडत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएनने डीएस ही गाडी मांडली. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसलेल्या पॉल माजेस यांनी तिची यंत्रणा घडवली होती. प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा, त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूस नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूस दाबाखालचे तेल. ओझे कितीही असो, गाडी आपली पातळी राखी. पहिल्याच दिवशी सुमारे बारा हजार मागण्या नोंदल्या गेल्या. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पेती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटलेले असूनही चालकाने ती भरधाव बाहेर काढली. त्या सुटकेचे श्रेय चालकाच्या कौशल्याइतकेच या सस्पेन्शनलाही दिले जाते.

डीएस निर्दोष होती असे मात्र नाही. सुरुवातीचे लाल तेल हवेतला ओलावा शोषून नळ्या गंजवी. पुढे ते बदलून हिरवे खनिज तेल आणावे लागले. तरीही ही यंत्रणा टिकली, आणि माझ्या मते त्याचे एक कारण व्यापारी आहे. डीएसमध्ये ती पर्याय नव्हती. ती नको म्हणण्याची सोयच नव्हती, त्यामुळे सिट्रोएनच्या प्रत्येक गॅरेजला ती शिकावी लागली, सुटे भाग लाखोंनी बनले, आणि तेलातला दोष सुधारणे कंपनीला भागच पडले. शेव्हरोलेच्या ग्राहकापाशी साधी स्प्रिंग हा परतीचा मार्ग होता, कंपनीपाशीही होता.

खऱ्या अर्थाने सक्रिय सस्पेन्शन आले ते शर्यतींतून. लोटसने १९८३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये ते उतरवले. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने त्याच जोरावर मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या. १९९२ मध्ये विल्यम्सच्या गाडीतून नायजेल मॅन्सेल विश्वविजेता झाला आणि १९९४ पासून या तंत्रावर बंदी आली. पण शर्यतीच्या गाडीमागे अभियंत्यांचा ताफा असतो. घरच्या गाडीला पंधरा पावसाळे काढायचे असतात, तेही कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या भरवशावर. टोयोटाने १९९१ मध्ये सोअररची एक पूर्ण सक्रिय आवृत्ती विकायला काढली. तिच्या हजार गाड्याही बनल्या नाहीत.

एसयूव्हीच्या वाट्याला हे तंत्र १९९८ च्या सुमारास आले. लँड रोव्हरच्या दुसऱ्या पिढीच्या डिस्कव्हरीत ‘ॲक्टिव्ह कॉर्नरिंग एन्हान्समेंट’ मिळे, पण सगळ्याच गाड्यांत नव्हे. त्यात अँटी-रोल बारला तेलाच्या दाबाने पीळ दिला जाई. वळणावर गाडी सरळ राही, खडबडीत वाटेवर चाके मोकळी सुटत. एका गाडीत दोन गाड्यांचे गुण! पण तेलाच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जात, जिथे चिखल आणि युरोपातल्या हिवाळी रस्त्यांवरचे मीठ सतत उडते. नळ्या गंजल्या की दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागे. मग बऱ्याच मालकांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकनांप्रमाणेच साधा दांडा बसवून घेतला.

मर्सिडीजने २०१८ मध्ये जीएलईसाठी आणलेल्या यंत्रणेने या दुखण्यावर उपाय शोधला. ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारा छोटा मोटर-पंप थेट प्रत्येक चाकाच्या शॉकॲब्सॉर्बरशी जोडलेला. ती गाडी वळणावर आत झुकते, वाळूत रुतल्यास उड्या मारून सुटण्याचा प्रयत्न करते. इंजिनाजवळचा एकच मोठा पंप आणि त्यापासून चारही चाकांकडे जाणारे उच्च दाबाचे जाळे राहिले नाही. मात्र पूर्वी जिथे एक नळी बदलावी लागे, तिथे आता चाकाजवळचा अख्खा जोड बदलण्याची वेळ येऊ शकते. आणि तीही बहुतेक ठिकाणी पर्याय म्हणूनच विकली गेली.

म्हणून माझे मत असे : गाडी वॉरंटीच्या मुदतीत विकायची असेल आणि वाट घाटांची असेल, तर हा खर्च अंगाला प्रत्यक्ष जाणवेल असे सुख देतो. दहा वर्षे वापरायची किंवा जुनी घ्यायची असेल, तर एअर सस्पेन्शनवर थांबावे. त्याच्या रबरी पिशव्याही झिजतात, पण त्या बदलणारा कारागीर निदान सापडतो. शोरूममध्ये चाचणीसाठी गुळगुळीत रस्ता दाखवला जाईल, तेव्हा आपल्या रोजच्या रस्त्याचा आग्रह धरावा, आणि निघण्यापूर्वी एका चाकाच्या संपूर्ण जोडाची किंमत लेखी मागून घ्यावी.