मल्टिपल स्क्लेरोसिस : पहिल्या एमआरआयमधून काय कळते?

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू यांवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते, तेव्हा होणाऱ्या विकाराला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे किंवा पायांना बधिरपणा येणे हा पुष्कळदा पहिला झटका असतो. काही आठवड्यांत तो ओसरतो. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो : दुसरा झटका येईल काय, आणि वीस वर्षांनी हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत असेल काय?

याचे उत्तर शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे एमआरआय. आवरण झिजलेल्या जागा त्यात पांढऱ्या डागांसारख्या दिसतात. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले असता ताजे, दाहयुक्त डाग उजळतात. जुने उजळत नाहीत. त्यामुळे एकाच तपासणीत नवे आणि जुने आजारपण शेजारीशेजारी दिसू शकते. डॉ. इयन मॅकडोनाल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निदानाचे निकष २००१ मध्ये ठरले, ते याच तत्त्वावर. २०१७ आणि २०२४ च्या सुधारणांनी निदान अधिक लवकर करणे शक्य झाले.

पहिल्या झटक्यानंतरच्या रुग्णांचा लंडनमध्ये वीस वर्षे मागोवा घेण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०७ रुग्ण होते. आरंभीच्या एमआरआयमध्ये डाग असलेल्यांपैकी ८२ टक्के जणांना पुढे निश्चित मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. एमआरआय निर्दोष असलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. अमेरिकेत केवळ दृष्टीच्या मज्जातंतूचा दाह झालेल्यांच्या पंधरा वर्षांच्या अभ्यासात हेच आकडे अनुक्रमे ७२ आणि २५ टक्के निघाले. लंडनचे रुग्ण आजची औषधे प्रचारात येण्यापूर्वीचे होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आजार होईल काय, हे चित्र बऱ्यापैकी सांगते. अपंगत्व किती येईल, हे तितके सांगत नाही. लंडनच्या त्याच अभ्यासात आजार पक्का झालेल्यांपैकी ३९ टक्के जणांना वीस वर्षांनीही फारसे अपंगत्व नव्हते. डागांची संख्या आणि रुग्णाची अवस्था यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. म्हणून डाग मोजण्याइतकेच महत्त्व त्यांच्या जागेला आहे. आरंभीच मज्जारज्जूत डाग असणे आणि गॅडोलिनियमने उजळणारे डाग आढळणे, ही पुढील वाटचाल कठीण असण्याची चिन्हे मानली जातात. केवळ मेंदूचा एमआरआय काढून थांबणे त्यामुळे अपुरे ठरते.

भारतात हा विकार दुर्मिळ, अशी जुनी समजूत. ती मोडण्यात ज्यांचा वाटा आहे ते डॉ. नोशिर वाडिया (१९२५–२०१६) मूळचे सुरतचे. मुंबईचा महामार्ग सुरतेजवळच्या कडोदऱ्याहून दक्षिणेस निघतो आणि वाटेत नवसारी, उदवाडा ही पारशांची जुनी स्थाने लागतात. याच समाजातील मल्टिपल स्क्लेरोसिसचा मुंबई-पुण्यात अभ्यास झाला आणि दर लाखामागे २१ ते २६ रुग्ण आढळले. त्या काळी इतर भारतीयांसाठीचा अंदाज लाखामागे दीडच्याही आतला होता. पुढे आपल्याच किनाऱ्यावरील मंगळुरात २०१४ च्या अभ्यासाने लाखामागे ८.३५ रुग्ण नोंदवले.

त्याच अभ्यासात न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या सारख्या दिसणाऱ्या विकाराचेही लाखामागे २.६ रुग्ण सापडले. यातही दृष्टी जाते, पाय लुळे पडतात. मात्र मज्जारज्जूतील डाग सहसा तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, या रुग्णांचा आजार वाढवू शकतात. म्हणून अशी शंका येताच अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची रक्ततपासणी केली जाते. क्षयरोग आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता याही आपल्याकडे वगळाव्या लागणाऱ्या शक्यता आहेत. नावच चुकले तर भाकिताला अर्थ उरत नाही.

पहिल्या एमआरआयच्या केवळ लेखी अहवालावर भागत नाही. मूळ चित्रांची सीडी जपून ठेवावी लागते, कारण पुढची प्रत्येक तपासणी तिच्याशी ताडून पाहिली जाते. शक्यतो तेच यंत्र आणि तीच पद्धत असावी. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा नामनिर्देश आहे. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करतानाही हीच कागदपत्रे कामी येतात.