प्रकाशाची मोजपट्टी

गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर नागरा नांवाचें एक गांव आहे. तेथील जुनें शिवमंदिर हेमाडपंती म्हणून ओळखलें जातें आणि महाशिवरात्रीला तेथें भाविकांची मोठी गर्दी लोटते. अशा देवळाच्या भिंतीवरून हात फिरवून पाहणाऱ्याला दोन गोष्टी जाणवतात. एक, हा दगड कोणी तरी मोठ्या कौशल्यानें घडविला आहे. आणि दुसरी, तो झिजत आहे. झीज किती झाली, असें कोणी विचारलें तर मात्र आपण निरुत्तर होतों. शंभर वर्षांपूर्वीं दगडाची हीच कड किती धारदार होती, हें सांगणारा साक्षीदार आपल्यापाशीं नाहीं. आजोबांनीं पाहिलेलें देऊळ आजोबांबरोबर गेलें, आणि आपण पाहतों तें आपल्याबरोबर जाईल.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. जिल्हा म्हणून त्याचें वय लहान, पण त्याच्या भूमीवरील दगड जुने आहेत. अशा दगडांची साक्ष नोंदवून ठेवण्याचें एक साधन गेल्या कांहीं दशकांत मनुष्याच्या हातीं आलें आहे. लेसर नांवाच्या प्रकाशकिरणानें वस्तु सर्व बाजूंनीं मोजून तिची लांबी, रुंदी आणि खोली संगणकांत उतरवून घेणारें यंत्र तें हेंच. आज या यंत्राचा पूर्वेतिहास आपणांस सांगण्याचा माझा विचार आहे. कारण यंत्र नवें असलें तरी त्यामागची तळमळ फार जुनी आहे.

वस्तूचें रूप राखण्याचा एक जुना उपाय म्हणजे ठसा घेणें. आपल्याकडील शिलालेखांचे अभ्यासक ओला कागद दगडावर बसवून तो कुंच्यानें ठोकीत, अक्षरांच्या खांचांत कागद शिरला म्हणजे वरून शाई लावीत आणि लेखाचा ठसा घरीं नेऊन सावकाश वाचीत. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं वाकाटकांचे ताम्रपट व शिलालेख संपादून १९६३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा केवढा तरी भाग अशा लेखांच्या आणि त्यांच्या ठशांच्या आधारावर उभा आहे.

परंतु कागदांत खोली थोडी मावते. मूर्तीसाठीं व तोरणासाठीं प्लास्टरच हवें. १८६९-७० च्या हंगामांत हेन्री हार्डी कोल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाचा संपूर्ण ठसा घेतला. सुमारें दहा मीटर उंचीचें तें तोरण तुकड्यातुकड्यांनीं साच्यांत उतरविलें गेलें, आणि त्याच्या प्रती लंडन, पॅरिस, बर्लिन अशा शहरांत जाऊन पोहोंचल्या. बर्लिनच्या प्रतीची कथा पुढें येणार आहे, म्हणून ती लक्षांत असूं द्यावी.

प्रतीलाहि स्वतःचें दैव असतें, हें महाराष्ट्राइतकें कोणास ठाऊक असणार? १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति रंगविण्यासाठीं नेमणूक झाली, आणि जवळजवळ वीस वर्षें त्यानें तें काम केलें. त्या प्रतिकृति लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि बहुतेक जळून गेल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत तोच उद्योग पुन्हा आरंभापासून केला. त्यांच्याहि बऱ्याच प्रतिकृति १८८५ सालीं लंडनमध्येंच अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. मूळ चित्रें डोंगराच्या पोटांत राहिलीं आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठीं काढलेल्या प्रती मात्र साता समुद्रांपलीकडे जळाल्या. प्रत एकाच जागीं ठेवूं नये, आणि जेथील वस्तु तेथें तिची प्रत असावीच असावी, हे दोन धडे या प्रकरणांतून आपण घ्यावयाचे आहेत.

ठसा घेतांना वस्तूला स्पर्श करावा लागतो, आणि जीर्ण दगडाला तो स्पर्शहि सोसत नाहीं. हात न लावतां मोजण्याची विद्या विदर्भाला परकी नाहीं. कर्नल विल्यम लँबटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले म्हणजे तिसरा बिंदु किती दूर आहे हें तेथें न जातां सांगतां येतें, एवढेंच त्या मोजणीचें रहस्य. सुमारें अर्ध्या टनाचा कोनमापक घेऊन त्याचें पथक त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकत राहिलें. हें काम चालूं असतांच २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लँबटनला मृत्यु आला आणि तेथेंच त्याचें दफन झालें.

हाच त्रिकोण इमारतींना लावण्याची कल्पना जर्मनींतील आल्ब्रेख्त मायडेनबाउर याला सुचली, तीहि एका अपघातावरून. १८५८ सालीं वेत्स्लार येथील प्रार्थनामंदिराची मापें घेतांना तो उंचावरून पडतां पडतां वांचला. भिंतीवर चढण्याऐवजीं तिचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरूनच मापें काढावीं, असें त्यानें मनाशीं ठरविलें. १८८५ सालीं बर्लिनमध्यें त्यासाठीं स्वतंत्र संस्था निघाली आणि १९२० पर्यंत तिच्यापाशीं सुमारें २०,००० मोजणी-छायाचित्रें जमा झालीं. दुसऱ्या महायुद्धांत ज्या इमारती पडल्या त्यांच्या पुनर्रचनेसाठीं पुढें हीं छायाचित्रें कामीं आलीं.

आतां लेसरकडे वळूं. १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडींतून पहिला लेसरकिरण निर्माण केला. हा प्रकाश दिव्याच्या उजेडासारखा चोहोंकडे पसरत नाहीं; बाणासारखा एका दिशेनें जातो. प्रकाशाची गति सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. यंत्रापासून पंधरा मीटरवर असलेल्या भिंतीवर किरण आदळून परत येण्यास सेकंदाचा सुमारें एक कोटिवा भाग लागतो. हा काळ अचूक मोजला कीं अंतर कळलें, आणि किरण कोणत्या कोनांतून गेला हें यंत्राला माहीत असतेंच. येणेंप्रमाणें भिंतीवरील एका बिंदूचें स्थान निश्चित होतें. यंत्र सेकंदाला असे हजारों, कित्येकदां लाखों बिंदु टिपतें. लहान मूर्तीसाठीं दुसरी रीत आहे. मूर्तीवर लेसरची बारीक रेघ पाडतात आणि बाजूच्या कॅमेऱ्यानें ती कोठें कशी वांकली तें पाहतात. दिवा, कॅमेरा आणि दगडावरील बिंदु यांचा त्रिकोण होतो. लँबटनचा तो मैलोगणती पसरलेला त्रिकोण येथें हातभर होऊन मूर्तीपुढें उभा राहतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एका जागेवरून सारें दिसत नाहीं म्हणून यंत्र फिरवून अनेक जागांवरून मोजणी करतात आणि सारे बिंदु संगणकांत एकत्र जुळवितात. त्या समूहाला बिंदुमेघ असें सुंदर नांव आहे.

या मोजणीचा उपयोग काय, हें तीन उदाहरणांवरून पाहूं. १९९८-९९ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या पथकानें फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोचा प्रसिद्ध डेव्हिड पुतळा मोजला. कलेतिहासाच्या पुस्तकांत त्याची उंची ४.३४ मीटर छापलेली होती. प्रत्यक्षांत ती ५.१७ मीटर भरली. जगांतील इतक्या विख्यात पुतळ्याविषयीं एवढी मोठी चूक पुस्तकांतून बिनबोभाट वावरत होती! दुसरें उदाहरण पॅरिसचें. तेथील नोत्र दाम हें प्रार्थनामंदिर अँड्र्यू टॅलन या अभ्यासकानें २०१० सालीं लेसरनें मोजून ठेवलें. २०१८ सालीं तो वारला, आणि १५ एप्रिल २०१९ रोजीं मंदिराचें छप्पर जळालें. पुनर्बांधणी करणाऱ्यांना त्याच्या मोजणीची मोलाची मदत झाली आणि २०२४ च्या डिसेंबरांत मंदिर पुन्हा उघडलें. तिसरें उदाहरण आपल्या शेजारचें. गुजराथेंत पाटण येथील राणीची वाव २०११ सालीं स्कॉटलंडचें एक पथक आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून लेसरनें मोजली. पुढें २०१४ सालीं ती जागतिक वारशाच्या यादींत गेली.

आणि बर्लिनचें तें सांचीचें तोरण? कोलनें घेतलेल्या ठशाची प्रत तेथें होतीच. तिचें त्रिमित मोजमाप घेऊन, यंत्राच्या आणि पाथरवटांच्या हातांनीं, तेंच तोरण वालुकाश्मांत नव्यानें घडविलें गेलें व २०२२ च्या डिसेंबरांत बर्लिनमधील हुम्बोल्ट फोरमपुढें उभें राहिलें. दीडशें वर्षांपूर्वींचा ठसा आणि आजचा किरण यांची अशी गांठ पडली.

तरीहि या यंत्राची मर्यादा ओळखली पाहिजे. किरण पृष्ठभागावरून परततो. आंतलें त्याला दिसत नाहीं. शेंदराचीं पुटें चढलेल्या मूर्तीचा तो शेंदूरच मोजील, मूर्ति मोजणार नाहीं. चकचकीत अथवा ओल्या दगडावर तो फसतो. शिवाय संगणकांतील नोंद कागदाहूनहि नाजूक असते. तिला वाचणारें यंत्र कालबाह्य झालें कीं नोंद असून नसल्यासारखी होते. दर कांहीं वर्षांनीं ती नव्या साधनावर उतरवून घ्यावी लागते, जशी आपल्या पूर्वजांनीं पोथी जीर्ण होण्यापूर्वीं तिची नक्कल केली.

आणखी एक मर्यादा आहे, तिचें उदाहरण गोंदिया जिल्ह्यांतच मिळतें. सालेकसा तालुक्यांत दरेकसाजवळ कचारगडची विशाल गुहा आहे. गोंड समाजाला ती परम पवित्र. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून भाविक तेथें जमतात आणि पारी कुपार लिंगो यांचें स्मरण करतात. लेसरला उजेड लागत नाहीं, तो आपला प्रकाश बरोबर आणतो. त्यामुळें अंधाऱ्या गुहेचा कानाकोपराहि त्याला मोजतां येईल. पण गुहेचें माप म्हणजे कचारगड नव्हे. पिढ्यान् पिढ्या सांगितलेली कथा आणि म्हटलेलीं गाणीं त्या बिंदुमेघांत उतरत नाहींत. तीं त्या लोकांच्याच कंठांत राहतात. म्हणून जेथें दैवत आहे तेथें मोजणीदारानें आधीं त्या दैवताच्या लेकरांची अनुमति घ्यावी, आणि झालेली नोंद प्रथम त्यांच्या हातीं द्यावी. अजिंठ्याच्या चित्रांच्या वेळीं हा विवेक राहिला असता तर इतक्या प्रती एका परक्या शहरांत जळाल्या नसत्या.

शेवटीं पुन्हा नागऱ्याच्या देवळापाशीं येऊं. प्रसिद्ध वास्तूंना कोणी ना कोणी मोजणारा मिळतो. आडगांवच्या देवळाला मिळत नाहीं, आणि पडझड तर तेथेंच अधिक. एकदां केलेली मोजणी म्हणजे वस्तूचें चित्र. पण दहा वर्षांनीं तीच मोजणी पुन्हा केली आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर कोणती भिंत किती कलली, कोणत्या मूर्तीची कड किती झिजली, हें मिलिमीटरांत कळतें. ती देवळाची नाडीपरीक्षा होय. रोग कळल्यावर उपचार करणें हें अर्थातच माणसांचें काम. यंत्र तें करणार नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं एखादें महाविद्यालय व गांवची देवस्थान समिति यांनीं मनावर घेतलें तर हें अशक्य नाहीं. नोंदीची एक प्रत गांवांत, एक जिल्ह्याच्या ठिकाणीं आणि एक दूर कोठें तरी राहावी. मग शंभर वर्षांनीं देवळाच्या भिंतीवरून हात फिरविणाऱ्या कोणा नातवाला झीज किती झाली असा प्रश्न पडला, तर त्याला निरुत्तर व्हावें लागणार नाहीं.