शाळेत गोळी बाईंनी दिलेली चालते का?

"आज बाईंनी जंताची गोळी चघळायला लावली," असे तुमच्या मुलाने घरी येऊन सांगितले असेल. मग पालक विचारतात, "डॉक्टर, शिक्षकांनी औषध दिलेले चालते का?" उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोद्यात झाली. पण १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नव्हतीच. डॉक्टर मोजके, शाळा असंख्य.

वाट आपल्याच जिल्ह्यात सापडली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी गावोगावी नर्स नेमून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या नर्स गावात रुळल्या नाहीत. म्हणून गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात द्यायचे मीठ-साखरेचे पाणी शिकल्या. महत्त्वाचे म्हणजे शिकवून त्यांना सोडून दिले नाही. त्या नियमित जामखेडला येत, अडलेले विचारत आणि गंभीर रुग्ण प्रकल्पाच्या रुग्णालयात पाठवत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे पदवी नसली तरी चालते, पण तीन गोष्टी हव्यात: ठरलेले काम, सततचे शिक्षण आणि पाठीशी डॉक्टर.

हीच फूटपट्टी शाळेला लावा. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शिक्षक अल्बेंडाझोल देतात. शाळकरी वयात मात्रा एकच, ४०० मिलिग्रॅम. निदान करायचे नसते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायची नसते. दर आठवड्याच्या लोहाच्या गोळीचेही तसेच. हे काम शिक्षक नीट करू शकतात.

पण इन्सुलिनची मात्रा ठरवणे किंवा फिट आल्यावर काय करायचे, हे एका दिवसाच्या प्रशिक्षणावर सोपवता येत नाही. त्यासाठी त्या मुलापुरती लेखी सूचना आणि प्रत्यक्ष सराव हवा.

तुमच्या मुलाला मधुमेह, दमा किंवा फिट्सचा त्रास असेल तर:

• डॉक्टरांकडून एक पानाची सूचना मराठीत लिहून घ्या.
• ती वर्गशिक्षकांना समोर बसून समजावा.
• औषध, त्याची मुदत आणि फोन नंबर दर सत्रात तपासा.
• गोळीच्या दिवशी मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल, तर आधीच कळवा.

शिक्षकांवर विश्वास ठेवा, पण त्यांना एकटे पाडू नका.