पंडितेने संस्कृत बाजूला ठेवलं

मंद्रूपच्या माझ्या एका मैत्रिणीच्या स्टेटसला रोज सकाळी बायबलचं एक वचन असतं. परवा स्तोत्र २३ मधलं होतं, देवाला मेंढपाळ म्हणणारं. आमच्या भागात मेंढपाळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण वचनाची भाषाच कळली नाही, तर धीर यायचा कुठून?

पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच धसाला लावला. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचलेल्या कितीतरी बायका होत्या, नुकत्याच अक्षरं गिरवू लागलेल्या. मराठी बायबल तेव्हा होतंच; नवा करार तर विल्यम कॅरीने १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला होता. पण मिशनऱ्यांच्या मराठीतले जड संस्कृत शब्द या बायकांच्या डोक्यावरून जायचे. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. कलकत्त्यात १८७८ मध्ये ‘पंडिता’ ही पदवी त्यांना मिळाली ती संस्कृतच्याच जोरावर! मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

खिळे जुळवणं, छपाई ही कामं आश्रमातल्या बायकाच करायच्या. वाचणाऱ्यांनीच बनवायचं, असं आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात क्वचित घडतं.

१९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतर चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.