औंधचा नमस्कार

सूर्यनमस्काराला ‘प्राचीन’ म्हटले की आपण मोकळे होतो. नित्याचा घरगुती व्यायाम म्हणून त्याचा हिरिरीने प्रचार कोणी केला, हे विचारीत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आरंभी युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ती साधने बाजूला सारून ते नमस्कारांकडे वळले आणि संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. (मुलांना ही सक्ती कितपत रुचली, हा प्रश्न वेगळा.) १९२८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले, १९३८ साली लंडनमध्ये आणखी एक.

मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. तालीम ही पुरुषांची जागा. नमस्काराला आखाडा लागत नाही, देहाएवढी जमीन पुरते; म्हणून तो माजघरातही शिरू शकला. औंधच्या राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत, आणि राजेसाहेबांनी ते झाकून न ठेवता छापून सांगितले.